घशाखाली उतरेपर्यंत

उष्टावणाच्या दिवशी घरातले सगळे पोरीच्या तोंडाकडं बघत होते आणि मी तिच्या गळ्याकडं. तिचा मामा देवणीहून आला होता. त्यानं वाटीतली तांदळाची खीर बोटावर घेऊन तिच्या ओठांना लावली. तिनं जीभ बाहेर काढली, तोंड वाकडं केलं, आणि सगळे हसले. बरीचशी खीर हनुवटीवर ओघळली. जी थोडी आत गेली ती तिनं गिळली. तिचा इवलासा गळा वर-खाली झालेला मला दिसला आणि माझ्या पाठीला घाम फुटला. मामानं दुसऱ्यांदा बोट पुढं केलं तेव्हा मी म्हणालो, "बास झालं आता, शास्त्रापुरतं झालं."

"अहो दाजी, एवढ्यात?" तो म्हणाला. बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि वाटी उचलून आत नेली. तिला कारण माहीत होतं.

मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. माझ्या आत्याचं पोरगं, वर्षाचंही नव्हतं, शेतात ओल्या हरभऱ्याचा दाणा घशात अडकून गेलं. आम्ही सगळी पोरं बांधावर बसून हरभरा सोलून खात होतो आणि ते आमच्यामधेच बसलं होतं. मोठी माणसं धावत आली. कुणी त्याला पाय धरून उलटं केलं, कुणी तोंडात पाणी घातलं, कुणी बोट घालून दाणा काढायला गेलं. मग मोटारसायकलवर घेऊन निघाले. त्या सगळ्या आरडाओरड्यात एकट्या त्या लेकराचाच आवाज नव्हता. पुढं घरात हा विषय कुणी काढला नाही. आत्या आली की हरभऱ्याची भाजी तेवढी कुणी करत नसे.

निलंग्यात आमचं घर दोन खोल्यांचं. पुढं रस्त्याला लागून माझं दुकान, तिथं मी मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करतो. बायको एसटीत कंडक्टर आहे. आई माझ्या लग्नाआधीच गेली, त्यामुळं घरात आम्ही दोघं आणि अप्पा, म्हणजे माझे वडील. बायकोची रजा संपली, ती पुन्हा ड्युटीवर जायला लागली, आणि नेमकं तेव्हाच पोरीला वरचं खाणं सुरू करायचं होतं. सकाळी अंगावर पाजून ती खाकी घालून निघायची. जाताना सांगायची, "अकराच्या सुमाराला थोडं भरवा. घाबरू नका."

मी घाबरायचोच. पण माझ्याकडं एक उपाय होता. दुकानात मिक्सरांना तोटा नव्हता. मुगाची खिचडी, शिजवलेला भोपळा, गाजर, बटाटा, जे असेल ते मी आधी भांड्यात फिरवायचो, मग पातळ फडक्यातून गाळायचो. खाली उरायचं ते रंगीत पाणी. ते चमच्याच्या टोकावर घेऊन तिच्या ओठांशी न्यायचं, ती गिळेपर्यंत श्वास धरायचा, मग पुढचा चमचा. एक वाटी संपायला दुपार व्हायची. तोवर गिऱ्हाईक बाहेर उभं राहून शटर वाजवायचं.

अप्पा दारात बसून बघायचे. त्यांनी आयुष्यभर गुरं सांभाळली. आई मेलेली वासरं त्यांनी बोटानं दूध चाटवून वाढवली होती. "काय करायलास रे?" ते म्हणायचे. "लेकरू हाय का इंजिन? नुस्तं तेलपाणी घालायलास. भाकरीचा पापुद्रा दे तिच्या हातात, चघळंल."

"नको अप्पा."

"तुला म्या काय मिक्सरमधून काढून चारलो व्हय?"

मी उठून अप्पांच्या ताटातली भाकरी तिच्या हाताला लागणार नाही एवढी लांब सरकवायचो.

आठवा महिना संपत आला तेव्हा लातूरच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी तिचं वजन बघितलं आणि ती काय खाते ते विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मिक्सर बंद करा. गाळणंही बंद. हातानं कुस्करून द्या, गुठळ्या राहू द्या. आता नाही शिकली तर पुढं ती घट्ट खाणारच नाही."

बायकोनं त्यांना आत्याच्या पोराचं सांगितलं. मला वाटलं बाई हसतील, पण त्यांनी टेबलाच्या खणातून रबराची एक बाहुली काढली. "इकडं या," त्या मला म्हणाल्या. "खोकला येतोय, ओकारी काढतेय, तोंड लाल झालंय, आवाज येतोय, तोवर हात लावायचा नाही. ती शिकतेय. आवाज बंद झाला, श्वास येईना, रंग बदलायला लागला, तर मात्र वाट बघायची नाही." त्यांनी बाहुली हातावर पालथी घेतली, डोकं खाली, जबडा पंज्यात धरलेला, आणि तळहाताच्या मुळानं तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, एकामागून एक फटके दिले. मग उताणी करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी दाब दिला. मग पुन्हा पालथी. "तोंडात काही दिसत नसेल तर बोट घालायचं नाही. आत ढकललं जातं."

फटक्यांचा आवाज एवढा होता की बाहेर बसलेल्या एका बाईनं दार किलकिलं करून बघितलं. "एवढ्या जोरात?" मी विचारलं.

"एवढ्याच जोरात," त्या म्हणाल्या.

मी घरी येऊन दुकानात कुणी नसताना सराव करायचो. टॉवेलची गुंडाळी हातावर घ्यायची, उलटी करायची, मारायचं. एकदा बायको लवकर आली आणि तिनं बघितलं. चपला काढून शेजारी बसली, टॉवेल माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "मलाही दाखवा."

मिक्सर बंद केला. पहिल्यांदा कुस्करलेली खिचडी दिली त्या दिवशी पोरीनं एक शीत जिभेवर फिरवलं, आणि एकदम तिचे डोळे पाण्यानं भरले. तोंड लालबुंद झालं, जीभ बाहेर, घशातून कसलासा घोगरा आवाज. मी चमचा टाकून तिला उचललं. अप्पा ओरडले, "राहू दे की, आवाज यायलाय न्हवं!" तेवढ्यात तिनं ते शीत माझ्या शर्टावर ओकून टाकलं आणि माझ्याकडं बघून हसली. मी तिला खाली ठेवलं. त्या दिवशी पुढचा घास अप्पांनी भरवला. मी दुकानात जाऊन एका पंख्याचे स्क्रू काढले आणि पुन्हा लावले.

हळूहळू ती शिकली. खिचडी, दुधात भिजवून मऊ केलेली भाकरी, केळं, वरणभात. खाणं तिला आवडायला लागलं. आमच्यातलं कुणीही काही तोंडात घातलं की तिचा हात पुढं यायचा. लोक कौतुक करायचे. मला मात्र त्या पुढं आलेल्या हाताचीच भीती वाटायची. आधी निदान चमचा माझ्या ताब्यात होता.

ती रांगायला लागून थोडे दिवस झाले होते. लातूरला पुन्हा दाखवायला न्यायचं होतं आणि त्या दिवशी बायकोची ड्युटी नेमकी निलंगा–लातूर गाडीवर लागली. मला बरं वाटलं. आईच्या गाडीतूनच जाऊ, म्हटलं. गाडी गच्च भरली होती. मला मधल्या बाकावर जागा मिळाली, पोरगी मांडीवर. बायको मशीनवर तिकिटं काढत पुढं-मागं जायची तेव्हा पोरगी तिच्या खाकी बाहीला धरायला बघायची आणि लोक हसायचे.

लामजना पाटीवर एक म्हातारी बाई चढली आणि माझ्या शेजारी बसली. कुठल्याशा देवाला जाऊन आली होती. कपाळावर भंडारा, मांडीवर पिशवी. थोड्या वेळानं तिनं पिशवीतून प्रसाद काढला. साखर आणि ओल्या खोबऱ्याचे तुकडे.

"घे गं माय," ती पोरीला म्हणाली.

"नको मावशी, लहान आहे अजून," मी म्हणालो.

"देवाचं हाय बाबा."

"मला द्या, मी खातो." मी एक तुकडा घेऊन तोंडात टाकला. मावशीनं उरलेला प्रसाद हातातच धरून ठेवला आणि खिडकीबाहेर बघायला लागली. पुढच्या बाकावरच्या माणसानं मला काहीतरी विचारलं, मी लातूरला कुठं उतरणार असं काहीसं. मी त्याला उत्तर देत होतो.

पोरगी मांडीवर बसली की सतत पाय हलवायची. टाचा माझ्या पोटावर आपटत राहायच्या, त्याची मला सवय झाली होती. त्या माणसाशी बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की टाचा थांबल्यात.

मी खाली बघितलं. तिचं तोंड उघडं होतं. डोळे मोठे झालेले, माझ्याकडंच लागलेले. हात हवेत तसेच. गाडीचा खडखडाट, खिडक्यांच्या काचा, कुणाच्या तरी मोबाइलवरचं गाणं, हे सगळं चालू होतं, आणि तिचा आवाज नव्हता. ओठांच्या कडा निळसर व्हायला लागल्या होत्या.

मी उभा राहिलो. तिला हातावर पालथी घेतली, टॉवेल घ्यायचो तशी. एक फटका दिला, दुसरा दिला. काहीच नाही. तिचं अंग टॉवेलसारखं नव्हतं, गरम होतं, आणि माझ्या हाताला जोर लावता येईना. मी तिला थोपटत होतो, झोपवताना थोपटतात तसं.

बायको दारापाशी होती. गर्दीतून तिला माझी पाठ तेवढी दिसली असणार. पण तिला कळलं. तिनं घंटीची दोरी ओढली, ओढतच राहिली, आणि माणसांना बाजूला सारत आली. गाडी करकचून थांबली, लोक एकमेकांवर आदळले.

"काय झालं? काय झालं?"

"पाणी पाजा आधी!"

"बोट घाला, बोट घालून काढा!" पुढच्या बाकावरच्या माणसानं खरंच हात पुढं केला.

"कुणी हात लावायचा नाही!" बायको ओरडली. तिचा तो आवाज मी आजवर ऐकला नव्हता. तिनं दोन्ही हात पसरून माझ्याभोवती जागा केली आणि माझ्या तोंडाजवळ येऊन म्हणाली, "जोरात मारा. अहो, जोरात!"

मी मारलं. तेव्हा कसं मारलं ते मला नीट सांगता येणार नाही. तिला उताणी केलं तेव्हा तिचं डोकं मागं पडलं, डोळे अर्धे मिटलेले. दोन बोटं छातीवर दाबली. बायको मोठ्यानं म्हणत होती, "उलटी करा आता, उलटी करा." पुन्हा पालथी. पुन्हा मारलं. आत्याच्या पोराचा चेहरा मला आठवत नव्हता इतकी वर्षं, तो त्या क्षणी लख्ख दिसला. मला वाटलं, ही गेली. माझ्या हातावर गेली.

खोबऱ्याचा तुकडा गाडीच्या पत्र्यावर पडला. नखाएवढा, पांढरा.

तरी ती रडली नाही. मग तिच्या आतून एक लांब, फाटल्यासारखा श्वास आत गेला, आणि ती किंचाळली.

बायको होती तिथंच खाली बसली, दोन बाकांच्या मधे, पायांमधे. मी पोरीला तिच्या मांडीवर दिलं आणि मीही शेजारी टेकलो. गाडीत कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी त्याला गप्प केलं. शेजारची मावशी तोंडावर पदर धरून रडायला लागली होती. "माझ्या हातातनं घेतली गं माय. मला न्हाई कळलं. मला न्हाई कळलं." बायको म्हणाली, "मावशी, तुम्ही दिलं नाही. तिनंच घेतलं. रडू नका."

ड्रायव्हर उठून मागं आला होता. त्यानं पोरीकडं बघितलं, मग बायकोकडं. "मॅडम, सरळ घेऊ का लातूरला?"

"औशाची माणसं आहेत की," बायको म्हणाली.

"औसा रस्त्यातच हाय. लगेच उतरवू," तो म्हणाला आणि जाऊन बसला. औशाला माणसं भराभरा उतरली. एक जण उतरताना पोरीच्या पायाला हात लावून गेला. बायकोनं पोरीला माझ्याकडं दिलं, चढलेल्यांची तिकिटं काढली. मशीनची बटणं तिला सापडत नव्हती. एका कॉलेजच्या मुलीनं मशीन धरून ठेवलं आणि बायकोनं बटणं दाबली.

लातूरच्या स्टँडवर तिथल्या साहेबांना सांगून ती माझ्याबरोबर रिक्षात बसली. खाकी अंगावर, पैशांची कातडी बॅग खांद्याला. ती बॅग कुणाजवळ देता येत नव्हती. डॉक्टर बाईंनी पोरीच्या छातीला सगळीकडून नळी लावून ऐकलं, फोटो काढायला लावला, तो उजेडात धरून बघितला. "आत काही राहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "फुप्फुसं स्वच्छ आहेत." मग त्यांनी पोरीचा झबला वर केला. पाठीवर माझा तळहात उमटला होता. मधे लाल, कडेला निळा.

"हे मी..." मी म्हणालो.

"हो, तुम्हीच," त्या म्हणाल्या. "म्हणून ती इथं रडतेय."

बाईंनी सांगितलं होतं की संध्याकाळी नेहमीचं जेवण द्या. मी दिलं नाही. पुढचे किती तरी दिवस मी तिला पेज आणि वरणाचं पाणी देत होतो, आणि ते देतानाही माझा डावा हात तिच्या पाठीमागं तयार असायचा. ती चमचा ढकलून द्यायची, रडायची, माझ्या ताटाकडं हात करायची. मी तिच्यासमोर जेवणंच सोडलं.

माझ्याहून वाईट अवस्था अप्पांची झाली. बसमधलं त्यांनी पाहिलं नव्हतं, पण पाठीवरचा वळ पाहिला होता. रोज ते त्याला कोमट तेल लावायचे आणि तोंडानं काहीतरी पुटपुटायचे. एकदा मी बाहेर आलो तर ते मागच्या दारी, भिंतीकडं तोंड करून, लपून भाकरी खात होते. माझ्याकडं बघून ओशाळले. "तिनं मागितली तर न्हाई म्हनवत न्हाई," ते म्हणाले. "आन् द्यायला हात होत न्हाई."

बायको हे सगळं बघत होती. एका सुट्टीच्या दिवशी तिनं स्वयंपाक केला आणि चौघांची ताटं एका ओळीत मांडली. पोरीचं छोटं ताटही. त्यात मऊ भात, वरण, भाकरीचे भिजवलेले तुकडे, कुस्करलेला भोपळा.

"बसा," ती म्हणाली.

"आज नको," मी म्हणालो.

"मग कधी?" ती म्हणाली. "मला काय भीती नाही वाटत? त्या दिवसापासून गाडीत कुठलंही लेकरू खोकललं की माझ्या हातातनं मशीन सुटतं. मी रोज सकाळी निघते तेव्हा वाटतं, संध्याकाळी येईन तर..." तिनं पदरानं नाक पुसलं. "पण तिला भूक लागते हो. तिला आपल्या भीतीचं काय?"

अप्पा आधी बसले. मग मी. पोरीनं भात चिवडला, केसाला लावला, मूठभर तोंडात कोंबला. अप्पांचा घास हातातच राहिला. तिनं चावल्यासारखं केलं, तिच्या पुढच्या दोन दातांनी काय चावणार, आणि मग एकदम खोकली. जोरात. भात उडून वरणात पडला. आम्ही तिघंही अर्धे उठलो होतो, आणि एकमेकांकडं बघून तिथंच थांबलो. ती पुन्हा खोकली, डोळे पुसावेत तसा भाताचा हात तोंडावरून फिरवला, आणि ताटातला भोपळा उचलला.

"खायलीय," अप्पा म्हणाले. इतकंच.

त्या जेवणात माझ्या पोटात काय गेलं ते मला आठवत नाही. तिच्या पोटात बरंच गेलं.

आता ती दीड वर्षाची आहे. दाढा यायला लागल्यात. भाकरी तिची ती तोडते, वरणात बुडवते, अप्पांच्या ताटातली लसणाची चटणी मागते आणि तिखट लागली की थयथयाट करते. खोबरं, शेंगदाणे, फुटाणे आमच्या घरात वरच्या फळीवर असतात आणि कूट करूनच खाली येतात. कुणी हसलं तर हसू दे. दुकानात आलेली गिऱ्हाइकं तिला पाहून खिशात हात घालतात, तेव्हा मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून आधी उठतो.

भीती गेली का, असं बायकोनं मला विचारलं होतं. मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, माझीपण नाही. मग ती पोरीसाठी खिचडीला फोडणी द्यायला गेली आणि मी तिचं छोटं ताट धुऊन पुसून ठेवलं.